मामा, सिलिंडरचा गॅस एसीत भरायचा नाही म्हणजे नाही

काल रात्री साडेदहाला मामांचा फोन आला. नाशिकच्या सिडकोत राहतात, पवननगरला. "अगं, एसी गार करत नाहीये, गॅस संपलाय बहुतेक. एक जण पाचशे रुपयात स्वयंपाकाच्या सिलिंडरमधून भरून देतो म्हणतोय, घेऊ का भरून?" हे डोक्यात कुठून आलं विचारलं तर त्यांनी तो मेसेज पाठवला, "एसीवाले लपवतात त्या ६ गोष्टी", खाली हात जोडलेले आणि "सगळ्या ग्रुपवर पाठवा". हाच मेसेज आठवड्याभरात मला सोसायटीच्या ग्रुपवर, मुलाच्या शाळेच्या ग्रुपवर आणि नणंदेकडून असा तीनदा आला होता, मी बघून सोडून दिला. तेव्हाच बोलायला हवं होतं. बारा वर्षं एसीच्याच लाईनमध्ये काम करतेय, अंबडला, आणि माझ्याच घरातला माणूस त्या मेसेजवर विश्वास ठेवून सिलिंडर गॅलरीत आणायला निघाला होता.

ज्यांना मेसेज आला नसेल त्यांच्यासाठी, त्यात म्हटलंय: दर उन्हाळ्यात गॅस भरून घ्या. १६ वर लावा म्हणजे लवकर गार होतं. आउटडोरला, म्हणजे एसीच्या बाहेरच्या डब्याला, ओलं पोतं गुंडाळा. इन्व्हर्टर एसीला स्टॅबिलायझर लागत नाही. थंडीत रिमोटवरचं सूर्याचं बटण दाबा, हीटर फुकट. आणि सहावं, एसीचा गॅस म्हणजे स्वयंपाकाचाच गॅस, कंपन्या नाव बदलून महाग विकतात.

सहाव्यापासूनच सुरू करते, कारण बाकीच्यांनी बिल वाढेल, याने माणसं जातील.

यात थोडं खरं आहे, मान्य करते, आणि तेवढ्या खऱ्यावरच हे सगळं खपतंय. आर-२९० नावाचा गॅस असतो, तो म्हणजे प्रोपेन, आणि भारतात प्रोपेनवर चालणारे स्प्लिट एसी खरंच विकले गेलेत. पण ती मशिनंच वेगळी. पेट घेणारा गॅस आत असणार हे धरून त्यांची डिझाईन केलेली असते, आत गॅस अर्धा किलोच्याही खाली, ठिणगी पडेल असे पार्ट वेगळे ठेवलेले किंवा बंदिस्त, खोली किती मोठी हवी हे सुद्धा ठरलेलं. आणि तो प्रोपेन शुद्ध असतो. आपल्या घरच्या सिलिंडरमध्ये प्रोपेन आणि ब्युटेनचं मिश्रण असतं, वर वास यावा म्हणून गंधकाचं रसायन घातलेलं, आणि प्रमाण दर वेळी सारखंच असेल असं नाही. प्रोपेन उणे ४२ डिग्रीला उकळतो, ब्युटेन शून्याच्या आसपास. म्हणजे असं कमीजास्त मिश्रण त्यासाठी न बनवलेल्या मशीनमध्ये नीट काम करत नाही. तरी आर-२२ नावाच्या गॅसवर चालणाऱ्या जुन्या एसीत भरला तर सुरुवातीला गार लागतं सुद्धा, कारण आर-२२ चा उकळबिंदू प्रोपेनच्या जवळ आहे, आणि मग तो भरणारा माणूस म्हणतो बघा झालं की नाही गार.

आता तो गॅस लीक झाला तर काय होतं ते बघा. एसी चालू म्हणजे दारं खिडक्या बंद, पडदे ओढलेले, रात्र, सगळे झोपलेले. हा गॅस हवेपेक्षा जड, तो खाली फरशीवर साठत जातो, जिथे मुलांच्या गाद्या घातलेल्या असतात. हवेत साधारण २ टक्के झाला की पेट घ्यायला एक ठिणगी पुरते, आणि तुमच्या एसीच्या बोर्डात रिले (आपोआप चालू-बंद होणारा स्विच) असतो, भिंतीवर स्विच असतो, फ्रीज असतो. वास येईल की म्हणाल, पण झोपेत वासाने जाग येईलच याची खात्री नाही. घरगुती सिलिंडर स्वयंपाकाशिवाय असा वापरणं कायद्यातही बसत नाही, ते आणखी वेगळं.

माझं ऐकू नका, तुमच्या आउटडोरच्या बाजूला चिकटवलेली पाटी वाचा. कुठला गॅस, किती ग्रॅम, किती दाब, सगळं कंपनीने तिथेच छापलंय. मामांना फोनवरच टॉर्च घेऊन गॅलरीत पाठवलं. आर-३२ लिहिलंय. मग त्यात दुसरं काही जाणार नाही, विषय संपला.

दर वर्षी गॅस भरा, हे पण त्याच पाटीवरून खोटं ठरतं. पाटीवर ग्रॅम लिहिलेत कारण सिस्टीम बंद आहे, तो गॅस खर्च होत नाही, तेवढाच गॅस फिरत राहतो. कमी झाला म्हणजे कुठेतरी लीक आहे. मग नायट्रोजनने प्रेशर द्यायचं (ऑक्सिजनने कधीच नाही, तेलाशी भिडला की स्फोट होतो), साबणाच्या पाण्याने लीक शोधायचं, ब्रेझिंग करायचं (ज्योतीने धातू वितळवून पाईप सांधायचा), व्हॅक्यूम काढायचा (पंपाने आतली हवा ओढून घ्यायची), मग काट्यावर तोलून गॅस भरायचा. लीक न शोधता नुसता "टॉपअप" करून जाणारा पुढच्या एप्रिलला परत येणारच आहे.

१६ डिग्रीचं एका ओळीत सांगते, खोली ३४ ला असेल तर २४ लावा नाहीतर १६, सुरुवातीला कंप्रेसर सारखाच जोर लावतो, १६ ला तो फक्त थांबत नाही. स्टार देणारी सरकारी संस्था, ब्युरो ऑफ एनर्जी एफिशियन्सी, सांगते की एक डिग्री वाढवली की साधारण ६ टक्के वीज वाचते, म्हणूनच जानेवारी २०२० पासून नवे एसी मुळात २४ वर सुरू होतात.

पोतं काढा आधी. आउटडोरवर सावली चांगली, पण वरती पत्रा लावा, हवा अडवू नका. गुंडाळलं की गरम हवा बाहेर पडत नाही. स्टॅबिलायझरचं बऱ्याच मॉडेलला खरं आहे, पुस्तिकेत व्होल्टेजची रेंज बघा. सूर्याचं बटण बऱ्याच रिमोटवर नुसतंच असतं, आत गॅस उलटा फिरवणारा व्हॉल्व्ह नसेल तर गरम हवा येत नाही. "हॉट अँड कोल्ड" घेतला असेल तर येते, आणि साध्या हीटरपेक्षा बरीच कमी विजेत येते, पण फुकट नाही.

आज सकाळी मामांकडे जाऊन आले. फिल्टर काढला तर धुळीची गादी, समोर बांधकाम चालू आहे सहा महिने. हवाच जात नव्हती म्हणून कॉइलवर बर्फ धरत होता, आणि बर्फ दिसला की सगळ्यांना गॅसच आठवतो. फिल्टर नळाखाली धुतला, कॉइल साफ केली, अर्ध्या तासात खोली गार. गॅस होता तेवढाच आहे.

पण मामांच्या बिल्डिंगमध्ये दोन घरांनी त्या माणसाकडून आधीच भरून घेतलाय. त्यांना आणि तुमच्यात कोणी असेल तर त्यांनाही: एसी लावू नका, खिडक्या उघड्या ठेवा, वास येत असेल तर खोलीतला कुठलाच स्विच चालू-बंद करू नका, बाहेरून मेन बंद करा. आणि दुरुस्तीला जो कोणी येईल त्याला दारातच सांगा की आत सिलिंडरचा गॅस आहे. लाजू नका, लपवू नका. तो बिचारा साधा गॅस समजून पाईपला ब्रेझिंगची ज्योत लावेल.