सॅमन्स की मेन्यूहिन? ‘खुद्द एल्गर समोर उभे असताना’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली, मग दोन्ही रेकॉर्डिंग्ज पुन्हा लावून बसलो, म्हणून उत्तराला चार दिवस लागले. इंग्लिश रचनाकार एल्गरच्या व्हायोलिन कन्चर्टोवर (एकटं व्हायोलिन आणि सोबत अख्खा ऑर्केस्ट्रा, अशी रचना) लिहिताना मी व्हायोलिनवादक अल्बर्ट सॅमन्सचं १९२९ चं रेकॉर्डिंग यहुदी मेन्यूहिनच्या १९३२ च्या वर ठेवलं, ते तुम्हाला अजिबात पटलेलं नाही. तुमचं म्हणणं असं की मेन्यूहिनच्या वेळी स्वतः रचनाकार बॅटन (ऑर्केस्ट्राला इशारे देण्याची कंडक्टरची काठी) घेऊन उभा होता, तिथे विषयच संपतो. सॅमन्स घाईत वाजवतो कारण ७८ च्या (मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या) तबकड्यांवर सगळं बसवायचं होतं. आणि त्याचे सूर एकातून दुसऱ्यात घसरत जातात, ते जुनाट वाटतं. शिवाय मी मेन्यूहिनला ‘पाठ करून आलेला हुशार मुलगा’ म्हटलं त्याचा तुम्हाला राग आलाय.

शेवटच्या गोष्टीपासून सुरू करतो, कारण तिथे तुमचं बरोबर आहे आणि माझं चुकलं. ते वाक्य लिहिताना मी त्या मुलाचं वय ऐकत होतो, व्हायोलिन ऐकत नव्हतो. जुलै १९३२, अ‍ॅबी रोडचा मोठा स्टुडिओ, मेन्यूहिन १६ वर्षांचा आणि एल्गर ७५ चे. मेन्यूहिन पुढे आयुष्यभर सांगायचे की भेटीत थोडंसं ऐकून एल्गर खूश झाले आणि सरळ घोड्यांच्या शर्यती बघायला निघून गेले. हा किस्सा इतक्या वेळा वाचलाय की मी त्याचा अर्थ ‘मुलगा सांगेल तसं वाजवतो’ असा लावून बसलो होतो. आता परत ऐकलं तर संथ भागात तो जे गातो ते कुणी शिकवून येत नाही. पुढे हाच माणूस १९५२ ला मुंबईत आला, अंगदुखीने हैराण होता आणि बी. के. एस. अय्यंगारांकडे योग शिकायला लागला हे आपल्याकडे बऱ्याच जणांना ठाऊक आहे. लहानपणी जे आपोआप येत होतं ते मोठेपणी शरीराला नव्याने समजावून द्यावं लागलं. म्हणून ते १९३२ चं ‘आपोआप’ मौल्यवान आहे, हे मान्य.

पण ‘रचनाकार समोर होता’ याने निकाल लागतो हे काही मला पटत नाही. एल्गर १९१६ लाही समोर होतेच की. तेव्हा व्हायोलिनवादक मेरी हॉलबरोबर त्यांनी हाच कन्चर्टो रेकॉर्ड केला, माइकऐवजी आवाज पकडणाऱ्या भोंग्यासमोर उभं राहून, आणि जवळजवळ पन्नास मिनिटांचं काम कापून पंधरा-सोळा मिनिटांवर आणलं. त्यात एक गंमत बघा. शेवटच्या भागात जो कॅडेन्झा (मुख्य वादकाचा जवळजवळ एकट्याचा तुकडा) आहे तिथे एल्गरनी ऑर्केस्ट्राच्या तंतुवाद्यांना धनुष्य बाजूला ठेवून तीन-चार बोटांच्या मऊ भागाने तारा छेडत राहायला सांगितलंय, एखाद्या खूप लांबच्या गिटारसारखा आवाज येतो. हा इतका हळू आवाज भोंग्याला पकडताच येत नव्हता, म्हणून एल्गरनी त्या रेकॉर्डिंगसाठी हार्पचे सूर नव्याने लिहून दिले. म्हणजे खुद्द रचनाकाराने त्या दिवशी खोलीत जे शक्य होतं ते केलं. १९३२ लाही तेच केलं, फक्त तेव्हा माइक होता, सवड होती आणि वय ७५ होतं. तो त्यांचा त्या दिवसाचा कन्चर्टो आहे. १९१० च्या नोव्हेंबरमध्ये क्वीन्स हॉलमध्ये पहिल्यांदा झाला तेव्हा ते ५३ चे होते आणि व्हायोलिन फ्रिट्झ क्राइसलरच्या हातात होतं.

क्राइसलरचंच खरं दुःख आहे. कन्चर्टो त्याला अर्पण केलेला, पहिला प्रयोग त्याचा, तो १९६२ पर्यंत जगला आणि त्याने तो कधी रेकॉर्ड केलाच नाही. एचएमव्ही या रेकॉर्ड कंपनीच्या फ्रेड गाइसबर्गने त्याच्या किती विनवण्या केल्या, हाती काही लागलं नाही, तेव्हा त्याने मेन्यूहिनचं नाव काढलं. (हा तोच गाइसबर्ग, १९०२ मध्ये कलकत्त्यात गौहर जानचा आवाज तबकडीवर घेणारा.) त्यामुळे १९३२ च्या रेकॉर्डिंगला ‘मूळ प्रत’ म्हणणं मला अवघड जातं.

आता घाईचं. सॅमन्स साधारण ४३ मिनिटांत संपवतो, मेन्यूहिन ५० च्या आसपास. तबकडीची एक बाजू चार-साडेचार मिनिटांची हे खरं, पण मेन्यूहिनचंही ७८ वरच निघालं ना. बाजू वाढवायच्या असतील तर वाढवता येतात, मेन्यूहिनच्या पन्नास मिनिटांना जागा मिळाली तशी सॅमन्सलाही मिळाली असती. आणि १९४९ ला व्हायोलिनवादक हायफेट्झनेही जवळपास सॅमन्सइतक्याच वेळात वाजवलाय. पण त्याचं ऐकताना दम लागतो आणि सॅमन्सचं ऐकताना लागत नाही, म्हणजे घड्याळात फारसं काही नाही. सॅमन्सने हा कन्चर्टो आयुष्यात शंभरहून जास्त वेळा वाजवला. कुठे थांबलं तरी पुढचं वाक्य कुठे जाणार आहे हे त्याला माहीत असतं, म्हणून तो प्रत्येक वळणावर उतरून फोटो काढत बसत नाही.

एकच जागा नीट ऐका अशी विनंती आहे. सुरुवातीला ऑर्केस्ट्रा एकटाच वाजतो, जवळजवळ तीन मिनिटं, सगळे विषय (मुख्य सुरावटी) मांडून होतात, वादळ ओसरतं, आणि मग सुरुवातीचाच विषय परत येतो पण अर्धाच. वाक्य तुटतं. उरलेलं अर्धं वाक्य व्हायोलिन पूर्ण करतं, खालच्या सुरांत, घोगऱ्या आवाजात. मेन्यूहिन तिथे प्रवेश करतो. मोठा, उबदार, मन भरून येतं असा, पण प्रवेशच, दार उघडून कुणीतरी आत आल्यासारखं वाटतं. सॅमन्स आधीपासून खोलीतच बसलेला असतो आणि समोरच्याचं बोलणं अर्धवट राहिलं म्हणून शांतपणे ते पुरं करतो. स्वराला कंप आहे पण त्याचं प्रदर्शन नाही. मी हे हेडफोनवर सात-आठ वेळा मागे नेऊन ऐकलं आणि प्रत्येक वेळी पोटात कालवलं. माझा सगळा निर्णय या दहा-पंधरा सेकंदांवर उभा आहे असं म्हणा हवं तर.

आणि घसरणारे सूर, म्हणजे पोर्टामेंटो. हे तुम्ही लिहिलंत याचंच मला नवल वाटलं. मींड ऐकत मोठे झालेले आपण, अब्दुल करीम खाँसाहेबांच्या तीन-साडेतीन मिनिटांच्या तबकड्या डोळे मिटून ऐकतो, मग इंग्रज माणसाने दोन सुरांमधली वाट दाखवली की ती जुनाट कशी? त्या काळात नुसता सॅमन्स नाही, कंडक्टर हेन्री वुडचा आख्खा न्यू क्वीन्स हॉल ऑर्केस्ट्रा तसाच वाजवायचा. मेन्यूहिनच्या रेकॉर्डिंगमध्ये लंडन सिम्फनीसुद्धा घसरते, तिथे तुम्हाला खटकलं नाही. एल्गरच्या कानात तोच आवाज होता. तो पुसला तर संगीत स्वच्छ होईल पण बोलायचं थांबेल.

मात्र कॅडेन्झा मी मेन्यूहिन-एल्गर जोडीला देतो, ते मूळ लेखात यायला हवं होतं. मघाशी सांगितलेल्या त्या छेडलेल्या तारा १९३२ ला पहिल्यांदा नीट श्वास घेतात असं मला वाटतं. मागचे सगळे विषय एकेक करून परत येतात आणि एल्गर कशालाही लवकर जाऊ देत नाहीत. दीड वर्षाने, फेब्रुवारी १९३४ मध्ये, ते गेले, हे माहीत असल्यामुळे मला तसं ऐकू येतं का, असंही वाटलं, पण सॅमन्स लावल्यावर तिथे तेवढा काळ थांबत नाही हे नक्की.

आवाजाच्या दर्जाबद्दल: यूट्यूबवरचं ऐकून सॅमन्सला नापास करू नका. नॅक्सोसने त्याचा एल्गर आणि १९४४ चा, डेलियस या रचनाकाराचा कन्चर्टो एकाच सीडीवर काढलाय, ती मिळवा. डेलियसने तो कन्चर्टो सॅमन्सलाच अर्पण केला होता, आणि हॉटेलात वाजवताना कंडक्टर बीचमच्या नजरेत भरलेला हा माणूस, बरंचसं स्वतःच शिकलेला, तिथे काय आवाज काढतो ते ऐकून मग आपण पुन्हा बोलू.

‘पाठ करून आलेला हुशार मुलगा’ हे वाक्य आज लेखातून काढलंय आणि कॅडेन्झाचा परिच्छेद नव्याने घातलाय. क्रमवारी तीच ठेवलीय. व्हायोलिनवादक कॅम्पोलीच्या १९५४ च्या रेकॉर्डिंगबद्दल तुम्ही विचारलं होतंत, कंडक्टर बोल्टसोबतचं, ते या रविवारी ऐकायला काढतोय.