फाइव्ह स्टार शरणार्थी आणि आमची भाची

आमच्या गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय. ब्रिटनमध्ये आश्रय मागायला आलेल्यांना म्हणे सरकार फाइव्ह स्टार हॉटेलात ठेवतं, महिन्याला लाखभर रुपये देतं, कामाचं नाव नाही. आणि त्यांना मदत करणाऱ्या भारतीय विद्यार्थ्यांचे व्हिसा रद्द होणार. असले मेसेज मी वाचतही नाही. पण हा माझ्या बहिणीपर्यंत पोचला. तिची पोरगी तिकडे एमएस्सी करते आणि शनिवारी एका संस्थेत अशाच लोकांसाठी आलेले कोट-बूट मापाप्रमाणे लावून ठेवते. बहिणीचा रडत फोन: "तिले सांग नं, सोड म्हणा ते. शिकाले गेली का लोकाईचे कपडे निवडाले?"

आधी हॉटेल. हॉटेलात ठेवतात, हे खरं. आणि त्यावर खर्चही डोळे पांढरे होण्याइतका होतो, हेही मान्य. तिथल्या कॅगसारख्या संस्थेनं, नॅशनल ऑडिट ऑफिसनं, २०२५ मध्ये सांगितलं की सरकारी निवासात ठेवलेल्यांपैकी हॉटेलांत राहणारे साधारण ३५ टक्के, पण निवासाच्या खर्चातला तीन चतुर्थांश वाटा हॉटेलांचा. तो पैसा जातो कंत्राटदार कंपन्यांना. हॉटेलातल्या माणसाच्या हातात, जेवण तिथंच मिळतं म्हणून, आठवड्याला १० पौंडसुद्धा पडत नाहीत. इंग्लंडात बसच्या एका फेरीला ३ पौंडांपर्यंत भाडं. वकिलाकडे दोनदा जाऊन आला की आठवडा संपला. स्वतः रांधून खाणाऱ्याला मिळतात सुमारे ४९ पौंड, तेही आठवड्याचे. कितीही ताणून गुणा, एका माणसाचे महिन्याला लाख होत नाहीत.

हे पैसेही कोणाला? आपल्याकडे काही नाही, हे सिद्ध करणाऱ्याला. १९९९ च्या तिथल्या कायद्यात ही मदत निराधारांसाठीच आहे. अर्ज फेटाळला की बहुतेकांचं तेही बंद. मंजूर झाला तरी सरकारी खोली काही आठवड्यांत सोडायची, मग भाड्याचं घर शोधा, अनामत भरा. संस्थांच्या दारात रांग लागते ती अशांची.

काम का करत नाहीत? करू देत नाहीत म्हणून. बारा महिने निकाल लागला नाही आणि उशीर अर्जदारामुळे नसेल, तर परवानगी मागता येते. तीही ठराविक कामांपुरती.

आता व्हिसा, ज्यानं माझ्या बहिणीची झोप उडवली. पदवी किंवा त्यापुढचं शिकणाऱ्या विद्यार्थ्याला सत्र चालू असताना आठवड्याला २० तास काम करता येतं. बिनपगारी पण नोकरीसारखं बांधून घेतलेलं काम त्या तासांत मोजतात. संस्थेला स्वखुशीनं, करार नसताना केलेली मदत मोजत नाहीत. मेसेज लिहिणाऱ्यानं बहुधा यातलंच अर्धवट कुठंतरी ऐकलं आणि "व्हिसा रद्द" करून टाकलं. माणसं चोरून देशात आणणं हा गुन्हा आहे. अर्ज करून निकालाची वाट बघत बसलेल्याला कोट देणं हा कोणत्या कलमाखाली येतो, ते ग्रुपवरच्या वकीलसाहेबांनी सांगावं. भाचीनं कुठं पगारी काम केलंच तर त्याचे तास मोजावेत आणि संस्थेशी कसलाही करार करू नये, एवढं मी तिला सांगितलंय. सोड म्हणून सांगणार नाही.

त्या मेसेजची शेवटची ओळ होती, "भारतात असले लाड चालत नाहीत." हे गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात बसून पुढे ढकलायचं म्हणजे कमाल झाली. गोठणगावचा तिबेटी कॅम्प १९७२ पासून आपल्याच तालुक्यात आहे. गडचिरोलीतल्या मुलचेऱ्याकडची बंगाली गावं कोणाची? पूर्व पाकिस्तानातून आलेल्यांची. त्यांना जमीन मिळाली, शेती करू दिली, थंडीत तिबेट्यांचे स्वेटर आपण घासाघीस करून घेतो. शरणार्थ्यांसाठी वेगळा कायदा आपल्याकडे आजही नाही, पण अरुणाचलातल्या चकमा शरणार्थ्यांच्या प्रकरणात १९९६ मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं की जीविताचा हक्क नागरिक नसलेल्यालाही आहे.

हे सगळं मी ग्रुपवर टाकलं. अ‍ॅडमिननं उत्तरादाखल हात जोडलेली इमोजी पाठवली. मेसेज मात्र अजून काढलेला नाही.