रिकाम्या मेमरीचं सुख

सर्व्हरची मेमरी रिकामी दिसली की ज्यांच्या जिवाला बरं वाटतं, अशी एक जमात असते. ही माणसं सर्व्हरला सहसा हात लावत नाहीत, आलेख मात्र रोज न चुकता बघतात. माझ्या वाट्याला व्हिडिओ स्ट्रीमिंगचा सर्व्हर आला, त्याच्याबरोबर ही जमातही आली.

“मेमरी ९६ टक्के भरलीये,” सर म्हणाले.

“हो सर. भरलीच पाहिजे.”

“मग करा ना थोडी रिकामी.”

आता काय बोलणार? सर्व्हर ज्या प्रणालीवर चालतो, त्या लिनक्सचा साधा हिशोब असतो. डिस्कवरून एकदा वाचलेली फाइल ते रिकाम्या मेमरीत ठेवून देतं, म्हणजे पुन्हा कुणी मागितली तर डिस्कपर्यंत हेलपाटा नको. हीच ती पेज कॅश. एखाद्या प्रोग्रॅमला जागा हवी झाली की ती मुकाट्याने उठून जागा देते. इतका समजूतदार पाहुणा माणसांत सापडायचा नाही. पण आलेखात तो लाल रंगात दिसतो ना!

मी आकड्यांवर आलो. मेमरीतून वाचायला साधारण १०० नॅनोसेकंद, फिरत्या हार्ड डिस्कवरून साधारण १० मिलिसेकंद. मेमरीला एक सेकंद लागतो असं धरलं, तर हार्ड डिस्क उत्तर घेऊन दुसऱ्या दिवशी उगवणार.

“मग एसएसडी घ्या.”

“घेतली तरी याच हिशोबाने पंधरा-सतरा मिनिटं लागतील, सर.”

“बघा! केवढा फरक पडला.”

माझ्याआधी या खुर्चीत बसणाऱ्या गृहस्थांनी हा वाद कायमचा मिटवून टाकला होता. क्रॉनमध्ये, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप करायच्या कामांच्या यादीत, त्यांनी एकच ओळ टाकली होती: दर तासाला ‘ड्रॉप कॅशेस’ या लिनक्सच्या सेटिंगमध्ये ३ लिहायचे. की झाली सगळी पेज कॅश साफ! शेजारी टीप : ‘काढू नये, सरांना विचारावे.’ दर तासाच्या ठोक्याला आलेख झपकन खाली यायचा आणि त्याच वेळी बघणाऱ्यांच्या पडद्यावर ते गोल चक्र फिरू लागायचं. सगळ्यांनी मिळून दोष दिला नेटवर्कवाल्यांना. त्यांनी बिचाऱ्यांनी केबल बदलल्या, स्विच बदलला आणि शेवटी बोलणं सोडलं. ती ओळ मी काढली. तक्रारी थांबल्या आणि सरांचे फोन सुरू झाले.

खरी डोकेफोड पुढेच आहे. ५ एमबीपीएसने, म्हणजे सेकंदाला ५ मेगाबिटने, तासाभराचा व्हिडिओ सव्वादोन जीबीचा होतो. सहा-सहा सेकंदांचे तुकडे पाडले की फाइली ६००, चित्राचे चार दर्जे ठेवले की २४००. अख्खी ३२ जीबी मेमरी वाहिली, तरी वरच्या दर्जाचे चौदा तास कसेबसे मावतात. मग ठेवायचं कुणाला आणि काढायचं कुणाला? ढोबळ नियम असा, की ज्याला सगळ्यात जास्त वेळ कुणी विचारलेलं नाही, तो आधी बाहेर. त्यामुळे व्हिडिओचे पहिले वीस तुकडे कायम मेमरीत बसलेले असतात, कारण सुरुवात सगळेच बघतात. ५९८वा तुकडा मागणारा माणूस मात्र श्रेयनामावलीत स्वतःचं नाव शोधत असतो. त्याने डिस्कची वाट बघायला हरकत नाही.

एवढं जमून येतं, तोवर रात्रीचा बॅकअप सुरू होतो. तो जुन्यातला जुना व्हिडिओ पहिल्या बाइटपासून शेवटपर्यंत वाचतो. इतका निष्ठावान प्रेक्षक दुसरा नाही. सकाळी बघावं तर मेमरी भरलेली, पण नको त्यांनी.

डिस्कवरच्या कॅशचे नखरे वेगळे. बघणाऱ्यांना तुकडे पाठवणारा आमचा प्रोग्रॅम म्हणजे एनजिनएक्स, तो तुकड्यांच्या प्रती डिस्कवर ठेवतो. त्यात ‘इनॅक्टिव्ह’ची, म्हणजे न मागितलेली प्रत किती वेळ ठेवायची त्याची, मुदत तुम्ही दिली नाहीत, तर ती १० मिनिटं धरली जाते. तेवढ्या वेळात तुकडा कुणी मागितला नाही तर तो गेला, मग भले त्याची वैधता शिल्लक असो. बघणारा व्हिडिओ थांबवून फोनवर बोलायला जातो आणि इकडे त्याचा पुढचा भाग बेघर होतो. शिवाय थेट प्रक्षेपणात तुकडा बदलत नाही, पण पुढचा तुकडा कोणता हे सांगणारी यादी दर काही सेकंदांनी बदलते. दोघांना एकच मुदत लावली, तर वक्ता हात उंचावून तसाच उभा राहतो, यादी शिळी होईपर्यंत.

मध्येच एका उत्साही सहकाऱ्याने सुचवलं, “अख्खी कॅशच टीएमपीएफएसवर, म्हणजे थेट मेमरीत ठेवू या!” वेगाचं ठीक आहे, पण ती मेमरी पेज कॅशसारखी उठून जागा देत नाही. मग जागा संपते आणि कर्नलचा, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचा, ओओएम किलर येतो, मेमरी संपली की एखादा चालू प्रोग्रॅम बंद पाडणारा. तो मारायला प्रक्रिया निवडताना मुख्यतः बघतो, सगळ्यात जास्त मेमरी कोण खातंय. म्हणजे आमच्याकडे जी सगळ्यात जास्त राबते, तीच. हे मात्र सरांना चटकन पटलं, समजावून सांगावं लागलं नाही.

शेवटी मी सर्व्हरच्या वाटेला गेलोच नाही, आलेख बदलला. ‘यूज्ड’ (भरलेली मेमरी) काढून ‘अव्हेलेबल’ (पेज कॅश उठवून मिळू शकणारी धरून, उपलब्ध मेमरी) दाखवायला लावलं. मेमरीत एका बाइटचाही फरक पडला नाही, पण आलेख हिरवागार झाला. दुपारी सरांचा मेल सगळ्या टीमला आला, विषय : ‘मेमरी ऑप्टिमायझेशन यशस्वी’. खाली एकच ओळ होती, “हेच आता डिस्कलाही करून टाका.”