अण्णा, पावडर आणि पुठ्ठा

सासऱ्यांनी माझी पावडर संपवली ती संपवलीच, वर मलाच अक्कल शिकवली. आठवडा झाला, अजून राग गेलेला नाही.

गाडी १९७२ ची एमजीबी, जुनी ब्रिटिश स्पोर्ट्सकार. ॲबिंग्डनला बनलेली, १७९८ सीसी, दोन सीटची. कॉव्हेंट्रीत आमच्या दारात उभी असते आणि रोज सकाळी खाली ठेवलेल्या पुठ्ठ्यावर काळा थेंब टाकते. बेलहाउसिंगच्या, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या मधल्या कवचाच्या, तळाला एक भोक असतं, त्यात स्प्लिट पिन लोंबकळते, थेंब तिथून. एका गॅरेजवाल्याने खालून चार मिनिटं टॉर्च मारला आणि निकाल दिला : क्रँकचं मागचं, तेल अडवणारं सील गेलं. म्हणजे इंजिन बाहेर, फ्लायव्हील बाहेर, आणि आमची यंदाची भारतवारी रद्द. नुसतं बघण्याचे ऐंशी पौंड.

अण्णा कोल्हापूरचे, एस.टी.च्या वर्कशॉपात बत्तीस वर्षं काढलेले. इथे येऊन दीड महिना झाला; कुठला कचरा कुठल्या रंगाच्या डब्यात टाकायचा यापलीकडे त्यांच्या बुद्धीला काही आव्हान नव्हतं. शनिवारी कानटोपी, दोन स्वेटर, हातात चहा असा जामानिमा करून त्यांनी खुर्ची बाहेर टाकली. मी गाडीखाली.

"जावईबापू, पाणी टपकतंय तिथंच कौल फुटलेलं असतंय व्हय?"

"म्हणजे?"

"वर बघा. तेल वरनं खाली येतंय. गाडी पळती तवा वारा त्याला मागं ढकलतोय. खालनं बघून काय कळणार?"

मी म्हटलं, तेलात घालायचा चमकणारा रंग आणि अतिनील दिवा मागवलाय.

"दिवा ऱ्हाऊ द्या. पावडर आणा."

इंजिन धुतलं, वाळवलं. मग मला बायकोने वाढदिवसाला दिलेला लव्हेंडर पावडरचा अख्खा डबा अण्णांनी त्यावर उधळला, जोतिबाच्या यात्रेत गुलाल उधळावा तसा. कुत्रं फिरवायला निघालेला समोरचा शेजारी थबकला. अण्णा त्याला "मॉर्निंग" म्हणाले आणि चहा विचारला. तो घेतोसुद्धा! मला चार वर्षांत या माणसाने हवामानापलीकडे शब्द दिलेला नाही.

वीस मिनिटं इंजिन चालवलं. मग लेकीचा मेकअपचा आरसा मॅनिफोल्डच्या, म्हणजे इंजिनाला जोडलेल्या नळ्यांच्या, मागे घालून अण्णांनी मला बोलावलं. इंजिनाच्या कुशीला टॅपेटची दोन पत्र्याची झाकणं असतात, आत तेल अडवायला कॉर्कची पट्टी, म्हणजे गॅस्केट. मागच्या झाकणाखाली पांढऱ्या पावडरीत तपकिरी ओघळ होता, तो थेट मागे उतरून त्या पिनेपर्यंत गेलेला.

"ह्यो बोल्ट कुणी आवळला?"

मीच, गेल्या वर्षी. मधोमध एकच बोल्ट. जास्त पिळला की पत्रा वाकतो आणि कॉर्क बाजूला सरकतं.

"गळतंय म्हणून आवळलंत, आन् आवळलंत म्हणून गळतंय," अण्णा म्हणाले, आणि संध्याकाळपर्यंत हे वाक्य फोटोसकट सगळ्या सासरच्या ग्रुपवर होतं. साताऱ्याच्या मावशींनी हसणारे सात चेहरे पाठवले. चार मिनिटांत इंजिन उतरवायला निघालेल्या त्या गॅरेजवाल्याला मात्र कुणी हसत नाही. ऐंशी पौंड परत मागावेत असं फार वाटतं, पण पावतीवर 'तपासणी' लिहिलंय, आणि तपासणी तर त्याने केलीच.

कार्ब्युरेटर आणि मॅनिफोल्ड उतरवून नवं कॉर्क बसवण्यात माझे दोन दिवस गेले. बोल्ट अण्णांनी स्वतः आवळला, दोन बोटांनी.

आज सकाळी पुठ्ठ्यावर थेंब होता. बारीक, आणि सोनेरी. या गाडीच्या गिअरबॉक्सलाही इंजिनाचंच २०डब्ल्यू-५० तेल लागतं, पण तिथे ते काळं पडत नाही.

"थांबलं का?" दारातून अण्णा.

"थांबलं, अण्णा," मी म्हटलं आणि पुठ्ठा उलटा केला.