‘सांधता येत नव्हतं म्हणून?’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. इतकं मन लावून लिहिलंत, तर उत्तरही नीट द्यायला हवं. तुमचं म्हणणं असं : व्हायकिंग (उत्तर युरोपातले जुने दर्यावर्दी) सुतारांना जहाजाच्या फळ्या काठाला काठ लावून सांधता येत नव्हत्या, म्हणून त्यांनी त्या कौलांसारख्या एकमेकींवर चढवल्या. पुढे गुळगुळीत जहाजं आली आणि हे अडाणी काम संपलं.

अडाणी हा शब्द मला मान्य नाही. फळीवर फळी येते तिथे लाकूड दुपदरी होतं, आणि अशा दुपदरी पट्ट्या होडीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत धावतात. तेच तिचं बळ. आधी सांगाडा आणि मग फळ्या, असा क्रमच नव्हता. कण्यापासून, म्हणजे तळाच्या मुख्य लाकडापासून, एकेक फळी वर चढवत आधी कवच उभं करायचं, बरगड्या मागाहून. ओकचा ओंडका करवतीने न कापता पाचरी ठोकून उभा फोडायचा, गाभ्याकडून सालीकडे. त्यामुळे लाकडाचे तंतू सलग राहतात आणि पातळ फळीही चिवट निघते. नॉर्वेत १८८० साली उकरून काढलेलं गोकस्टाड जहाज २३ मीटरहून लांब आहे आणि त्याच्या बहुतेक फळ्या जेमतेम अडीच सेंटिमीटर जाडीच्या!

आता तो जोड बघा. दोन फळ्यांमध्ये डांबरात भिजवलेली लोकर. बाहेरून लोखंडी खिळा, आतल्या बाजूला त्याच्या टोकात ओवलेली छोटी चकती. उरलेलं टोक छाटायचं आणि चकतीवर ठोकून चपटं करायचं. असे हजारो. १८९३ मध्ये मॅग्नस अँडरसन यांनी गोकस्टाडची प्रतिकृती बर्गनहून न्यूफाउंडलंडपर्यंत २८ दिवसांत नेली. लाटांवर तिचा वरचा काठ १५ सेंटिमीटरपर्यंत पिळवटायचा, तरी पाणी आत येत नव्हतं.

फळीवर फळी चढवण्याची ही पद्धत मागे पडली, हे मात्र खरं. पंधराव्या शतकात सांगाड्यावर फळ्या ठोकण्याची पद्धत उत्तर युरोपात रुजली. मोठ्या जहाजाला ती स्वस्त पडे, आणि तोफांसाठी कडेला झरोके कापणंही सोपं जाई. इंग्लंडचा राजा पाचवा हेन्री याच्या ‘ग्रेस द्यू’ या मोठ्या जहाजासाठी इंग्रजांनी १४१८ मध्ये जुन्याच पद्धतीने फळ्यांचे तीन-तीन थर रचले होते, यावरून ती मोठ्या जहाजाला पुरवताना होणारी ओढाताण कळते. पण लहान होड्यांत ही जुनी पद्धत कधीच संपली नाही. नॉर्वेच्या किनाऱ्यावर ती आजही शिकवली जाते, आणि २०२१ मध्ये युनेस्कोने नॉर्डिक देशांच्या या परंपरेची वारसा म्हणून नोंद केली.