डिकॅफ म्हणजे कॅफिन शून्य नव्हे

'डिकॅफमध्ये कॅफिन अजिबात नसते' हे तुमच्या लेखातले वाक्य कृपया दुरुस्त करा. डिकॅफ म्हणजे कॅफिन काढून टाकलेली कॉफी, पण तिच्याही मोठ्या कपात साधारण २ ते १५ मिलिग्रॅम उरतेच. नेहमीच्या कॉफीत ते ९५च्या आसपास असते. फरक मोठा आहे, पण शून्य नाही.

आमच्या फोंड्याच्या घरी सासूबाईंना देवळातली आरती आटोपून आल्या की कॉफी लागतेच. मग रात्री दोन-दोन वाजेपर्यंत डोळ्याला डोळा नाही. कॅफिनचा निम्मा भाग शरीरातून जायलाच पाचेक तास लागतात, म्हणजे सातची कॉफी मध्यरात्रीही अंगात असणारच! आता सकाळी नेहमीची, संध्याकाळी डिकॅफ. आता अकराला झोपतात. चव थोडी पातळ लागते, म्हणून दूध आटवून घालते.

डिकॅफ महाग पडते, हे मान्य. मग निदान पाकीट तरी वाचा. रोबस्टा आणि अरेबिका या कॉफीच्या दोन जाती; रोबस्टात अरेबिकाच्या जवळजवळ दुप्पट कॅफिन असते आणि कॉफीत मिसळतात त्या चिकोरीच्या भाजलेल्या मुळीत ते मुळीच नसते. त्यामुळे अरेबिका आणि जास्त चिकोरीची पूड संध्याकाळी बरी. गरोदर बाईने मात्र दिवसभराचा चहाही मोजावा. तिच्यासाठी दिवसाला कॅफिनची मर्यादा २०० मिलिग्रॅमची आहे.