हे काय, आलंच की!

वारीत अंतर किलोमीटरमध्ये मोजत नाहीत, 'आलंच'मध्ये मोजतात. हडपसरला मी शेजारून चालणाऱ्या आजींना विचारलं, "सासवड किती राहिलं?" डोक्यावरचं तुळशीवृंदावन जराही न हलवता त्या म्हणाल्या, "हे काय, आलंच की माउली." सासवड तेव्हा वीस-बावीस किलोमीटर लांब होतं.

आमच्या ऑफिसात दरवर्षी 'एक दिवस तरी वारी अनुभवावी' अशी साथ येते. यंदा ती मला लागली. लोक आळंदी ते पुणे चालतात, तो टप्पा त्यातल्या त्यात सोपा. आमच्या टीमने निवडला पुणे ते सासवड. 30 किलोमीटरच्या वर चाल, शेवटाकडे दिवे घाट, आणि त्या दिवशी एकादशी. तयारी म्हणून मी पंधरा दिवस सोसायटीला रोज चार फेऱ्या मारल्या आणि भारी बूट घेतले. बुटांची खरी किंमत घरी अजून सांगितलेली नाही.

पहाटे भवानी पेठेतून पालखी निघाली तेव्हा मी अगदी जोशात होतो. मनगटावरचं घड्याळ पावलं मोजत होतं, उष्मांक मोजत होतं, मधूनच थरथरून शाबासकी देत होतं. त्याला बिचाऱ्याला वाटणाऱ्यांची कल्पना नव्हती. रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी लोक उभे: केळी घ्या माउली, राजगिऱ्याचा लाडू घ्या माउली, खिचडी गरम आहे माउली. नाही म्हणायची सोयच नाही. हडपसर सोडेपर्यंत माझ्या पोटात सहा केळी होती. उपास करून वजन वाढवणारा त्या दिवशी मी एकटाच नसणार.

फुरसुंगीच्या अलीकडे शरीर बोलायला लागलं. आधी टाचेला फोड. मग मांड्या. पायांना फोड येतात हे सगळे सांगतात, मांड्या घासतात हे कुणी सांगत नाही. मी पाय फाकवून, नुकत्याच घोड्यावरून उतरलेल्या सरदारासारखा चालू लागलो. मागच्या दिंडीतल्या एका बाबांनी ते पाहिलं आणि पखवाजाच्या वर आवाज चढवून विचारलं, "घासलं का?" पन्नास माणसांनी वळून पाहिलं. बाबांनी पिशवीतून खोबरेलाची बाटली काढली. "जा, त्या टेम्पोमागं लाव जा. लाजतोस कशाला, वारी हाय ही." मी टेम्पोमागं गेलो. तिथे आधीच तिघे होते, त्यातला एक आमच्या टीमचा मॅनेजर.

वडकीच्या विसाव्याला उजव्या बुटाचा तळ सुटला. चालताना तो टाळ्या वाजवायचा, तोही तालात नाही. रस्त्याकडेला एक चांभारदादा ताडपत्रीखाली बसून वारकऱ्यांच्या चपला फुकट शिवून देत होते. समोर झिजलेल्या, अंगठे तुटलेल्या चपलांचा ढीग, आणि त्यात माझा निऑन हिरवा बूट. त्यांनी तो उलटसुलट केला, नाकाशी नेला, लगेच लांबही केला, आणि म्हणाले, "चिकटवलाय नुसता. शिवायला पायजे होता." मग दोऱ्याला मेण लावून, आरीनं भोकं पाडत, त्यांनी कडेनं काळी शिवण घातली. घट्ट, सरळ, एकेक टाका ओढून. मी पाकीट काढलं तर त्यांनी हात जोडले, वाकले आणि माझ्या पायांना हात लावून तो कपाळाला नेला.

मी मागे सरकलो. ज्या माणसानं सकाळपासून केळी खाण्यापलीकडे काही केलं नव्हतं, त्याच्या पायाला हात! काय करायचं ते सुचेना म्हणून मीही वाकलो. वाकलो खरा, पण उठता येईना. दादांनीच हाताला धरून उभं केलं.

घाट लागला तेव्हा चार वाजले असतील. माउलींच्या रथाला चढासाठी जादा बैलजोड्या जोडल्या होत्या. मला वाटलं, मागायला हवी होती एखादी. पण गंमत अशी की घाटातच चालणं बरं वाटायला लागलं. खाली मस्तानी तलाव, वर वळणावळणानं चढणाऱ्या पताका, पुढून टाळ, मागून टाळ. टाळकऱ्यांच्या पावलात पाऊल पडलं की मांडी कमी घासते, हा माझा स्वतःचा शोध. फोड फुटला होता, पोटऱ्या दगड झाल्या होत्या, आणि मी 'ज्ञानोबा-माउली-तुकाराम' ओरडत होतो. तेही बेसूर, पण मोठ्यानं. खरं सांगायचं तर आध्यात्मिक वगैरे मला काही झालं नाही. मजा आली, एवढंच. आणि ती दुखणं थांबल्यावर नाही, दुखत असतानाच आली. घड्याळ मधेच कधीतरी बंद पडलं होतं, ते मला वर पोचल्यावर कळलं.

घाटाच्या शेवटच्या वळणावर कानात इयरफोन घातलेला एक पोरगा धापा टाकत म्हणाला, "अंकल, सासवड किती राहिलं?"

"हे काय, आलंच की," मी म्हणालो. त्यानं माझ्याकडे जसं पाहिलं, तसंच मी सकाळी आजींकडे पाहिलं असणार.

पुढचे तीन दिवस मी आमच्या बिल्डिंगचा जिना उलटा उतरलो, कठडा धरून. दुसऱ्या मजल्यावरचे काका दार उघडं ठेवून, खुर्ची टाकून बसायचे.

चौथ्या दिवशी बूट घेऊन दुकानात गेलो. डावाही सुटत आला होता. विक्रेत्यानं उजव्या बुटाची काळी शिवण पाहिली आणि तोंड वाकडं केलं. "हे बाहेर शिवलंय सर. आता वॉरंटी नाही मिळणार."

मी डावा बूट पिशवीत टाकला आणि विचारलं, "इथं जवळपास चांभार कुठे बसतो?"